इकोच्या फॉर्मवर "कुठला खेळ खेळतोस?" एवढं तरी विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या पानावर एक चार ओळींची बातमी होती. पोलीस भरतीचा सराव करताना एक मुलगा पहाटे मैदानावर कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला, आणि शेवटची ओळ, हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाल्याचा अंदाज. ती ओळ वाचल्यापासून कामात लक्ष लागत नाहीये, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण मधला पैलवानाचा भाग तेवढा ठेवा.

मी कोल्हापुरात एका हॉस्पिटलमध्ये टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्या विभागात टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. म्हणजे पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, छातीला जेल लावायचं, प्रोब फिरवून चित्रं घ्यायची, मापं काढायची आणि मग आमचे हृदयरोगतज्ज्ञ सर येऊन सगळं परत बघून रिपोर्ट सही करतात. पोटाच्या सोनोग्राफीत जो आवाज वापरतात तोच हा, कानाला ऐकू न येणारा, एक्स-रेसारखे किरण वगैरे काही नाहीत. आवाज आत जातो, भिंतीवर, झडपेवर आपटून परत येतो आणि त्याचं चित्र होतं. दिवसाला पंचवीस-तीस इको होतात आणि त्यात आता पूर्वीपेक्षा खूप जास्त तरुण पोरं यायला लागलीत. भरतीच्या अकॅडमीतली, तालमीतली, फुटबॉलची, जिमची आणि आता हाफ मॅरेथॉन पळणारे काका लोक पण.

आणि सोळा वर्षांत मला खटकत आलेली एकच गोष्ट सांगायची आहे. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर नाव असतं, वय असतं, बाई की पुरुष असतं, बीपी शुगर आहे का असतं. हा माणूस रोज काय करतो, किती पळतो, कुठला खेळ खेळतो, याला रकानाच नाही. आणि खेळाडूच्या इकोमध्ये तेच माहीत नसेल तर आम्ही काढलेला आकडा अर्धाच असतो. कधीकधी अर्ध्यापेक्षा वाईट, उलटाच.

आधी झटक्याचं सांगते कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. वीस-बावीसच्या पोरात ते फार क्वचित. एवढ्या वयात मैदानावर पोरगं पडतं तेव्हा बहुतेक वेळा हृदयाची वीज बिघडलेली असते, ठोके पडायच्या ऐवजी ते नुसतं थरथरतं, आणि ते बिघडायचं कारण खूपदा जन्मापासून किंवा रक्तातून आलेलं असतं. हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा एचसीएम नावाचा आजार, उजव्या कप्प्याचा एक आनुवंशिक आजार, रक्तवाहिनीच चुकीच्या जागेवरून निघालेली असणं, तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. यातलं पुष्कळसं इकोत दिसू शकतं. पुष्कळसं म्हणतेय, सगळं नाही, त्यावर पुढे येते.

आता खेळाडूचं हृदय. आपण बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतो. तयारीचा धावपटू जीव तोडून पळत असताना तेच २५-३० लिटरपर्यंत किंवा त्याच्याही वर जातं. वर्षानुवर्षं रोज एवढं काम करणारं हृदय बदलणारच, दंड बदलतो तसंच. कप्पा मोठा होतो, भिंत थोडी जाड होते, ठोके कमी होतात, ४५-५० वर येतात. हे काही नवीन ज्ञान नाही, स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरनी १८९९ मध्ये बर्फावरून स्कीने लांब पळणाऱ्या लोकांच्या छातीवर बोटांनी ठोकून, आपण मडकं घेताना वाजवून बघतो ना तसं, आवाजावरून सांगितलं होतं की यांची हृदयं मोठी आहेत. तेव्हा इको नव्हताच. तो पण पुढे स्वीडनमध्येच जन्मला, १९५३ ला, एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी. जहाजाच्या कारखान्यात लोखंडाच्या आतली भेग शोधायचं मशीन वापरून बघितलं आणि हृदयाची भिंत हलताना पकडली. मला हे आमच्या कोर्सला शिकवलं होतं आणि अजून दर वेळी मशीन चालू करताना आठवतं.

आणि आपल्या कोल्हापूरकरांसाठी विशेष म्हणजे १९७५ मध्ये अमेरिकेत मॉर्गनरॉथ आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी खेळाडूंचे इको करून एकमेकांशी ताडले तेव्हा एका बाजूला पळणारे आणि पोहणारे होते आणि दुसऱ्या बाजूला पैलवान आणि गोळाफेकवाले. पळणाऱ्यांचा कप्पा मोठा, पैलवानांची भिंत जाड, असं निघालं. नंतरच्या संशोधनात ते इतकं सरळ नाही असं दिसलं, नुसत्या ताकदीच्या व्यायामाने भिंत फार वाढत नाही म्हणतात, पण खेळानुसार हृदय वेगळं हे तेव्हापासून पक्कं झालं. म्हणजे पन्नास वर्षं होऊन गेली आणि आमच्या फॉर्मवर अजून खेळाचा रकाना नाही.

आता त्या पैलवानाचं. नाव-गाव सांगत नाही, पन्हाळ्याकडचा मुलगा, वीस वर्षांचा, तेराव्या वर्षापासून तालमीत. कान मोडलेले, ८६ किलो, पण कॉटवर झोपला तेव्हा हात इतके गार पडलेले की मी पांघरूण दिलं. बाहेर वडील उभे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. झालं असं होतं की पावसाळ्यात ताप आला, तापातनं उठल्यावर धाप लागायला लागली म्हणून गावातल्या डॉक्टरांनी इको करून घ्यायला सांगितलं आणि तो एका सेंटरवर झाला, आमच्याकडे नाही. रिपोर्टमध्ये मधला पडदा, म्हणजे डाव्या आणि उजव्या कप्प्यातली भिंत, १४ मिलिमीटर लिहिलेली. पुढे प्रश्नचिन्ह टाकून एचसीएम. आणि खाली एक ओळ, जड व्यायाम टाळावा.

ती एक ओळ त्या घरात काय करून गेली ते मी वडिलांच्या तोंडून ऐकलंय. वस्तादांनी घरी पाठवलं, त्यांचं पण चुकलं नाही, उद्या आखाड्यात काही झालं तर जबाबदार कोण. खुराक बंद झाला. आई त्याला पाण्याची घागर उचलू देत नव्हती. रात्री झोपेत श्वास चाललाय का बघायला बाप दोन-दोनदा उठायचा. पोरगं इचलकरंजीला मागावर कामाला जायला लागलं, तिथे पण कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं, नाहीतर काम जाईल. असे नऊ महिने. मग कुणीतरी म्हणालं एकदा दुसरीकडे दाखवा, म्हणून आमच्याकडे.

मी माप घेतलं, ११. परत घेतलं, ११. सरांना हाक मारली, सरांनी स्वतः घेतलं, ११. डावा कप्पा ५७ मिलिमीटर, म्हणजे साध्या माणसाच्या मानाने मोठाच. सर लगेच खूश झाले नाहीत, म्हणाले नऊ महिने व्यायाम बंद आहे, खेळाने जाड झालेली भिंत सोडल्यावर तीन महिन्यांत उतरते, म्हणजे आधी खरंच १४ होती आणि आता उतरली असं पण असू शकतं. वडिलांना विचारलं जुने फोटो आहेत का. त्यांनी पिशवीतनं तो थर्मल पेपरचा काळपट प्रिंट काढला, घडीवर थोडा उडालेला. सरांनी तो उजेडाला धरला आणि कडेला जे सेंटीमीटरचे ठिपके असतात त्यावर फूटपट्टी लावली. माप घ्यायची रेघ भिंतीच्या कडेपासून सुरूच झालेली नव्हती. उजव्या कप्प्यात एक स्नायूचा पट्टा असतो, मॉडरेटर बँड म्हणतो आम्ही त्याला, तो भिंतीला चिकटून दिसतो, तो पट्टाच भिंतीत धरला होता. पट्टा सोडून मोजलं तर ती तेव्हा पण ११ ते १२ च्या मध्येच होती. तीन मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्यापेक्षा कमी.

ज्याने तो इको केला त्याच्यावर मला राग काढायचा नाही. ही चूक माझ्याकडून पण झालेली आहे, आणि दिवसाला तीस इको असतील तर कुणाकडूनही होईल. पण फॉर्मवर जर कुस्ती, सात वर्षं, रोज चार तास असं लिहिलेलं असतं तर १४ लिहिताना हात थांबला असता, निदान दुसऱ्यांदा रेघ ओढली गेली असती. कारण खेळाडूमध्ये १२ पर्यंत ठीक, १३ ते १५ धूसर पट्टा, १५ च्या वर गेली तर आजारच समजून पुढे तपासायचं, हे मोजणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. त्या धूसर पट्ट्यात आकडा एकटा काहीच सांगत नाही. तिथे बाकीचं बघावं लागतं. कप्पा मोठा आहे का, खेळाडूचा मोठा असतो आणि एचसीएमचा बहुतेक लहान असतो. भिंत सगळीकडून सारखी जाड आहे की एकाच जागी फुगलीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हृदय सैल कसं होतं, आकुंचन पावून झाल्यावर परत पसरताना किती वेगात पसरतं. इकोच्याच मशीनमध्ये डॉपलर नावाची सोय असते, तिने भिंतीचाच वेग मोजता येतो. आमच्या पैलवानाचा सेकंदाला १३ सेंटीमीटर होता, घोड्यासारखं हृदय. आजारी जाड स्नायू असा पसरत नाही, कडक रबरासारखा असतो, तिथे बहुतेक ८ च्या खालीच येतो.

त्याचा ईसीजी नीट निघाला, ट्रेडमिलवर तो मशीन संपेपर्यंत पळाला, पुण्याला एमआरआय झाला त्यात स्नायूवर कुठे डाग नाही, भावांचे इको केले ते पण चांगले. तेव्हा कुठे सरांनी कागदावर लिहून दिलं. वडील तो कागद घेऊन बराच वेळ बाकावर बसून होते. उठले तेव्हा मला एवढंच म्हणाले, ताई, म्हस विकली हो आम्ही. खुराकासाठी ठेवलेली म्हैस.

इटलीत पेलिच्या नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये छापलेला एक अभ्यास आमचे सर नेहमी सांगतात. ९४७ अव्वल खेळाडूंचे इको केले, त्यात १३ किंवा त्याहून जाड भिंत फक्त १६ जणांची निघाली, आणि त्या १६ पैकी १५ जण बोट वल्हवणारे. सगळ्यांचा कप्पा मोठा. म्हणजे जगातले टॉपचे रोअर सोडले तर निरोगी खेळाडूची भिंत १३ ला जात नाही म्हटलं तरी चालेल. बायकांच्या बाबतीत तर अजून कमी, त्यांनीच नंतर ६०० महिला खेळाडू तपासल्या, एकीची पण १२ च्या वर नव्हती. त्यामुळे मुलगी असेल आणि आकडा १३ आला तर ती खेळाडू आहे म्हणून सोडून देणं चूक. हे आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंना लागू नाही, त्यांच्यात भिंत जरा जास्त जाड होते असं दिसलंय. आपल्या पोरांची अंगकाठी युरोपातल्या रोअरसारखी नाहीच, म्हणून उंची-वजनाशी पडताळून बघायलाच पाहिजे, आणि ती उंची-वजन पण आमच्या फॉर्मवर निम्म्या वेळा कोरी असतात.

कप्प्याचं पण तसंच. टूर द फ्रान्सच्या सायकलवाल्यांचे इको झालेत, अर्ध्याहून जास्त जणांचा डावा कप्पा ६० मिलिमीटरच्या वर होता, आणि त्या मोठ्या कप्पेवाल्यांतल्या काहींचं पंपिंग आरामात असताना नॉर्मलपेक्षा थोडं कमी. आपल्याकडे असा रिपोर्ट नुसता वय-लिंग बघून वाचला तर हृदय फुगलंय, पंपिंग उतरलंय, गोळ्या सुरू करा असं होईल. पळवून मग इको केला तर कळतं, खेळाडूचं पंपिंग झटकन वर चढतं आणि आजारी माणसाचं चढत नाही.

आता याची दुसरी बाजू, ती मला जास्त भीतीदायक वाटते. खेळतो म्हणजे जाड असणारच, असं म्हणून खरा आजार सोडून देणं.

एक फुटबॉलचा मुलगा आलेला. संध्याकाळी मॅच होती, बॅगेत बूट होते, इको म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे समजून आला होता. खेळताना एकदा डोळ्यापुढे अंधारी आली होती म्हणून आईने जबरदस्तीने पाठवलेला. मित्रांनी आधीच सांगून ठेवलेलं, काही नसतं रे, स्पोर्ट्समन हार्ट म्हणतात त्याला. प्रोब ठेवल्यावरच मला दिसलं. पडदा १७. कप्पा ४०, लहान. पसरायचा वेग ५. आणि दर ठोक्याला झडपेची पाकळी पुढे ओढली जाऊन रक्ताची वाट अडवत होती. मी काही बोलू शकत नाही, आम्हाला बोलायची परवानगी नसते आणि नसावीच, मी फक्त विचारलं घरात कुणी अचानक गेलंय का. तो म्हणाला काका, शेतात, बत्तीस वर्षांचे होते, लोक म्हणतात उन्हाने गेले. मी उठून सरांना बोलावून आणलं. त्या संध्याकाळी तो खेळला नाही. नंतर त्याच्या घरातल्या सगळ्यांचे इको झाले आणि धाकट्या बहिणीची भिंत पण जाड निघाली. हा आजार साधारण ५०० माणसांत एकाला असतो, म्हणजे एखाद्या मोठ्या कॉलेजात दोन-चार जण. हल्ली बाहेरच्या देशांत अशा सगळ्यांनाच सरसकट खेळबंदी करत नाहीत, किती धोका आहे ते तोलून ठरवतात, पण तोलायला आधी माहीत तर पाहिजे.

फुटबॉल बघणाऱ्यांना कॅमेरूनचा फोए आठवत असेल, जून २००३, ल्याँच्या मैदानात कॉन्फेडरेशन्स कपची सेमीफायनल चालू असताना मधल्या वर्तुळात पडला. त्याला एचसीएम होता. त्यानंतर फिफाने वर्ल्डकपच्या खेळाडूंची हृदयाची तपासणी सुरू केली, २००६ च्या जर्मनीच्या वर्ल्डकपपासून, त्यात ईसीजी आणि इको दोन्ही. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर तर आपल्याच देशात गेला, डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कपची फायनल. गोल करताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि उठला नाही. आमच्या घरी टीव्हीवर ती मॅच चालू होती, मी तेव्हा कोर्सला होते. आणि उंच मुलामुलींसाठी अजून एक नाव, अमेरिकेची व्हॉलीबॉलची फ्लो हायमन, १९८६ ला जपानमध्ये मॅच चालू असताना बाकावर बसल्या बसल्या कोसळली. तिला मारफान नावाचा आनुवंशिक आजार होता, महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, फाटली. महाधमनीची रुंदी मोजायला इकोत एक मिनिट लागतो. लांब हात, लांब बोटं, खूप उंची अशी व्हॉलीबॉल-बास्केटबॉलची पोरं समोर आली की मी ते माप न चुकता घेते, पण ती व्हॉलीबॉलची आहेत हे मला तेव्हाच कळतं जेव्हा ती ट्रॅकसूट घालून येतात.

जिमवाल्यांचं थोडक्यात. बॉडी वाढवायला स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणारी पोरं घेतलीत असं सांगत नाहीत. भिंत जाड, पंपिंग आणि पसरणं दोन्ही मंद असं दिसलं की सर दार लावून एकट्याला विचारतात. आईबापांनी प्रोटीन पावडरच्या डब्याशेजारी अजून काय आहे ते बघावं.

आता इको करून घेतला की सुटलो असं समजणाऱ्यांसाठी. मॅरेथॉनच्या आधी डिसेंबर-जानेवारीत चाळीशी-पन्नाशीचे लोक येतात, एक इको करून द्या म्हणतात, नॉर्मल आला की व्हॉट्सॲपवर टाकतात. अहो, पस्तिशीनंतर पळताना जे जातात ते जास्त करून नळीतल्या ब्लॉकेजने, आणि आरामात केलेल्या इकोत नळी दिसत नाही, दिसतो तो स्नायू. नळी ८० टक्के बंद असली तरी बसल्या जागी स्नायू मस्त हलतो. सत्तेचाळीसचे एक गृहस्थ असेच आमच्याकडून नॉर्मल इको घेऊन गेले होते, सरांनी ट्रेडमिल टेस्ट करा सांगितलेलं ते राहिलं, चढाला जबडा दुखायचा तो त्यांना दाताचा वाटला. नशीब की दातांच्या डॉक्टरने परत पाठवलं. अँजिओग्राफीत मुख्य नळी ९० टक्के निघाली. त्यांच्या वयाला सिगारेट, शुगर, कोलेस्टेरॉल, वडिलांना कधी झालं होतं हे विचारणं आणि ट्रेडमिल टेस्ट, हे इकोच्या आधी येतं.

आणि तरुणांत पण ईसीजी आधी. हृदयाच्या विजेचे जे आजार आहेत, लाँग क्यूटी म्हणा, डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणा, त्यात इको अगदी सुंदर येतो आणि ईसीजीची पट्टी ओरडून सांगत असते. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाला तपासणी सक्तीची केली, माहिती विचारणं, अंगाची तपासणी आणि ईसीजी, आणि त्यात काही सापडलं तरच इको. त्यांच्या व्हेनेटो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू लाखाला वर्षाला ३.६ वरून २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. सगळ्यांना तो आकडा तितकाच पटत नाही, इतर देशांत तेवढा फरक दिसलेला नाही, पण पद्धत बघा, स्वस्त ते आधी. ईसीजी दोन-तीनशे रुपयांत होतो, इकोला आमच्याकडे दीड-दोन हजार लागतात. भरतीच्या प्रत्येक पोराचा इको करा असं मी म्हणतच नाही, एवढी मशीनंही नाहीत आणि माणसंही नाहीत.

एकदा तपासलं म्हणजे जन्माचं झालं असं पण नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या अकॅडमीतल्या १५ ते १७ वर्षांच्या ११,१६८ पोरांचे ईसीजी आणि इको वीस वर्षं करत आले, ४२ जणांत जिवावरचा आजार सापडला, म्हणजे तपासणीचा उपयोग झालाच. पण तपासलेल्या एकूण पोरांपैकी ८ पुढे हृदयानेच गेली आणि त्या ८ पैकी ६ जणांची तपासणी नॉर्मल आलेली होती. सरासरी सहा-सात वर्षांपूर्वीची. आजार वयाबरोबर उमलतो, सोळाव्या वर्षी चांगला आलेला इको बावीसला पुरत नाही. डेन्मार्कचा एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनला पडला, सगळ्या जगाने बघितलं, इंग्लंडच्या क्लबात असताना त्याच्या दरवर्षीच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या असं तिथल्या हृदयतज्ज्ञांनी नंतर सांगितलं. तो वाचला ते छाती दाबल्यामुळे आणि शॉक द्यायचं मशीन मैदानाच्या कडेला असल्यामुळे. आपल्या किती मैदानांवर ते मशीन आहे ते बघा. शाहू स्टेडियमवर मॅचला हजारो लोक असतात, त्यातल्या निदान शे-दोनशे जणांना छाती दाबायला येत असलं पाहिजे.

आता मागणं. क्रीडा अधिकारी, भरतीच्या अकॅडमीचे सर, वस्ताद लोक, फुटबॉल मंडळं हे पत्र वाचत असतील तर फिटनेस सर्टिफिकेट फॅमिली डॉक्टरकडून बसल्या जागी सही मारून आणायचं बंद करा. पोराला तीनच प्रश्न विचारा: पळताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखतं का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का. एकाला जरी हो आलं तर ईसीजी आणि इको दोन्ही, आणि तोपर्यंत पळवू नका. ताप अंगात असताना तर अजिबात नाही, एक दिवस बुडाला तर बुडू दे, कारण तापाबरोबर हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर तेव्हाच घात होतो.

आणि इको सेंटर चालवणाऱ्या डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, फॉर्मवर एक रकाना वाढवा. खेळ कुठला, किती वर्षं, आठवड्याला किती तास, शेवटचा सराव कधी. छपाईला खर्च काहीच नाही. रिपोर्टमध्ये १३-१४ आली तर खाली नुसतं व्यायाम टाळावा असं लिहून पोराला घरी पाठवू नका, खेळाडू आहे, मोठ्या ठिकाणी परत मोजून घ्यावं, एवढं लिहा. आणि पेशंटने पण आपणहून सांगा. कॉटवर झोपल्यावर लाजू नका. मी पळतो, मी कुस्ती करतो, मी कबड्डी खेळते, असं मोठ्याने सांगा, टेक्निशियनने विचारलं नाही तरी.

आमच्याकडे नवीन फॉर्म यायला वेळ आहे म्हणतात, तोवर मी पेनाने कडेला लिहिते. परवा एका मुलीच्या फॉर्मवर लिहिलं, १७ वर्षं, उंची १६८, कबड्डी, ५ वर्षं, आठवड्याला १४ तास, कालच खेळलीय, मामा ३० व्या वर्षी झोपेत गेला. सरांनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, आणि तो इको आम्ही चाळीस मिनिटं केला.

आपली,
एक इको टेक्निशियन, कोल्हापूर
(नोकरीच्या कारणाने नाव छापू नये ही विनंती)